घाट चढून आलेली बोट

भागीबाई भोयेचा कुणावर विश्वास नव्हता, एवढंच म्हणून थांबलं तर बाईवर अन्याय होईल. संशय घेणं हे तिचं काम होतं आणि ते ती मन लावून करायची. दुधवाला ओतायला लागला की आधी मापाला पोचा आहे का ते चाचपायची. गॅसचं सिलिंडर आलं की आणणाऱ्यालाच ते पुन्हा उचलायला लावायची आणि त्याच्या कपाळावरच्या शिरा बघायची. दवाखान्यात नर्स म्हणाली, सुई नवीच आहे मावशी, तर हिचं उत्तर ठरलेलं, "असंल बाई. पण माझ्यासमोर फोड." आणि कुणी देवाची शपथ घातली की संपलंच. पिशवी काखेत घट्ट धरून ती तिथून निघायचीच.

सून बघायला गेली तेव्हा मुलीच्या बापाने लेकीचं तोंड भरून कौतुक केलं. झालं! भागीबाईच्या डोक्यात किडा वळवळला. चहा झाल्यावर "जरा पाय मोकळे करते" म्हणून उठली आणि त्या गल्लीतल्या चार घरी पाणी मागून आली. चारही घरांत मुलीबद्दल चांगलंच ऐकू आलं, तेव्हा कुठे तिने होकार दिला. तृप्तीला हे लग्नानंतर कळलं. ती इतकी हसली, की सासूला राग यायचा राहिला. त्या दोघींचं तेव्हापासून जमलं ते जमलंच.

हा गुण तिने बापाकडून उचललेला. बाप सुरगाण्याच्या डोंगरात बैलांचा दलाल. लेकीला घेऊन घोटीच्या बाजाराला जायचा. दावणीला उभा असलेला प्रत्येक बैल काहीतरी लपवतोय आणि त्याचा मालक त्याहून जास्त लपवतोय, हे त्या पोरीने लहानपणीच गिरवून घेतलं. शिंगं नुकती तासलेली दिसली की वय चोरलंय. खांद्याला तेल आणि काजळी चोपडलीय, म्हणजे खाली जखम आहे. बैल चालवायचा, बसवायचा, उठवायचा, ओढ्याच्या पाण्यात घालायचा. पुढे लग्न झालं, नवरा काळू तिला घेऊन कामासाठी नाशकात उतरला, पेठ रोडच्या वस्तीत त्यांचं घर झालं, काळू दुखण्याने गेलासुद्धा. पण गावाकडे कुणाला बैल घ्यायचा असला की अजून भागीबाईला फोन यायचा. जीपमध्ये पुढची जागा तिची राखलेली असायची.

दात आणि खूर सगळेच बघतात. भागीबाईच्या दोन गोष्टी वेगळ्या होत्या. पहिली म्हणजे, बैल जवळचा बाजार सोडून लांबच्या बाजारात का आणलाय? जवळ त्याच्या खोडी माहीत असतात म्हणून. दुसरी, विकणाऱ्या घरची बाई निरोप द्यायला आली का? त्यांच्याकडे रीतच होती. बैल विकला की घरातली बाई दारात येणार, त्याला कुंकू लावणार, भाकरीचा तुकडा चारणार, पाठीवरून हात फिरवून डोळ्याला पदर लावणार. बाई घरातच बसून राहिली, तर त्या जनावराने त्या घरात काहीतरी वंगाळ केलेलं आहे, असं समजायचं. भागीबाई अशा दारातून रिकाम्या हाताने परत आली होती आणि तिचं चुकलंय असं कधी कुणी म्हटलं नव्हतं.

आता एवढ्या संशयी बाईचा एकुलता एक मुलगा जगातल्या सगळ्यात बेभरवशाच्या ठिकाणी जाऊन बसला होता, त्याला काय करणार? मनोज खलाशी होता. वस्तीतली पोरं द्राक्षाच्या बागेत नाहीतर कंपनीत जायची. हा एका मुकादमाबरोबर गुजरातच्या किनाऱ्यावर गेला आणि मासेमारीच्या बोटीवर चढला. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की घरी यायचा, ऑगस्ट लागला की पुन्हा जायचा. बोट किनाऱ्यापासून लांब गेली की फोन लागत नसे. मग भागीबाईचं अन्न गोड लागायचं नाही. तिने समुद्र कधी बघितलेला नव्हता, बघायचाही नव्हता. ज्याला पलीकडचा काठ नाही त्या पाण्याबद्दल तिचं मत एका शब्दात होतं, "चोर."

तर त्या वर्षी जूनमध्ये मनोज घरी आला तो नवीनच खूळ घेऊन. त्याला स्वतःची बोट घ्यायची होती. बरोबरीचे दोघं भागीत यायला तयार होते. आणि बोट मिळत होती कुठे? मुंबईत नाही, डहाणूला नाही. नाशकात! औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला सटाण्याकडचा एक भिकन म्हणून माणूस फायबरच्या टाक्या आणि बागेतल्या घसरगुंड्या बनवायचा. त्याच्या शेडमध्ये ती बोट उभी होती.

"समुद्रातली बोट नाशकात काय करती रं?" भागीबाईने भाकरी थापता थापता विचारलं.

"आये, मालक इकडं राहायला आलाय. हिराजी तांडेल म्हणून हाय. तिकडचं सगळं विकून लेकीकडं आला."

"मंग बोट तिकडंच का नाय इकली? तिकडं घेणारे नव्हते? घाट चढवून, ट्रेलरवर घालून इथवर आणली. इथं काय गोदावरीत सोडायची होती?"

तृप्तीने हसू लपवायला तोंडाला पदर लावला. भागीबाईने तव्यावरची भाकरी उलटवली आणि जाहीर केलं, "लांबच्या बाजारात आणलेला माल हाय. मी येणार बघायला."

खरं सांगायचं तर मनोजलाही तेच हवं होतं. तो तिला हसायचा, पण तिने नाही म्हटलेली वस्तू त्याने आजवर घेतली नव्हती. साथीदारांनाही त्याने सांगून टाकलं होतं, आईने बघितली की ठरलं.

शेडमध्ये गेल्यावर भागीबाई दारातच थबकली. बोट तिला वाटलं त्यापेक्षा फार मोठी होती. निळ्या घसरगुंड्या आणि पिवळ्या टाक्यांच्या मध्ये ती आडवी पसरलेली, तोंड दाराकडे. हिराजी तांडेल बाजूला स्टुलावर बसलेला. उंच, वाळलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने बोटीची तारीफ केली नाही. हेच भागीबाईला खटकलं. तारीफ करणारा खोटारडा, हे तिला ठाऊक होतं. न करणाऱ्याचं काय समजायचं, हे तिच्या शास्त्रात नव्हतं. म्हणून तिने त्याला जास्तच खोटारडा ठरवला.

मनोज उत्साहाने दाखवत होता. ही नाळ, बोटीचं तोंड. बघ कशी खाली धारदार आहे, लाट फोडते, आपटत नाही. सपाट तळाची बोट खाडीत ठीक, बाहेर खोल पाण्यात कंबर मोडते. डेकवर पाणी आलं तर या भोकांनी आपोआप बाहेर जातं. हा बर्फाचा खण, चार दिवस बाहेर राहिलं तरी मासळी टिकते. बाजूच्या कडा मांडीच्या वर येतात, म्हणजे जाळं ओढताना माणूस तोल जाऊन पडत नाही.

"पडत नाय म्हंजे? पडत्यात का माणसं?" भागीबाईने विचारलं.

मनोजने विषय इंजिनाकडे नेला.

ती वाकली आणि बोटीच्या अंगावर गोटा घेऊन ठोकत निघाली. बाजारात माठ घेताना ठोकतात तशी. टण टण टण. कान लावून ऐकायची, पाऊल सरकायची. पिछाडीला पोचली तेव्हा आवाज बदलला. तिने दोनदा ठोकलं, तिसऱ्यांदा ठोकलं आणि वर बघितलं. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू हरवलेली वाटी सापडली.

"हितं काय झाकलंय?"

भिकन धावत आला. "झाकेल काहीच नाही ना माय! तिथली जुनी लाकडाची फळी पाणी प्यायली व्हती. मी ती काढीसन नवी फळी टाकी, वरून फायबर चढवं. दुप्पट जाड शे ते, म्हणून आवाज बद्द शे."

"खरवडून दाव."

"आता रंग दिधा ना मी!"

"रंग मी बी देते दिवाळीला. खरवड."

भिकनने हिराजीकडे बघितलं. हिराजीने मान हलवली. भिकन कपाळाला हात लावत पटाशी घेऊन आला. रंगाखाली जे होतं ते भिकनने सांगितलं तसंच होतं. भागीबाईने नख मारून बघितलं, वास घेऊन बघितला, थुंकी लावून बघितली. काही निघेना. तिला बरं वाटायच्या ऐवजी चिडच आली.

मग इंजिन. मनोजने ते सुरू करण्याआधी तिने त्यावर हात ठेवून बघितला. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन पटकन सुरू होतं, हे तिला वस्तीतल्या ट्रॅक्टरवाल्याने शिकवलेलं. थंडगार होतं. चावी फिरवताच लागलं. धूर थोडा आला, काळा नव्हता. फळ्या उचलून तळातली पोकळी बघितली, वायरी ओढून बघितल्या, सुकाणू दोन्हीकडे फिरवून बघितलं, पंख्याची पाती बाकली आहेत का ते बघितलं. आणि शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पाण्यात घाला."

"आये, इथं पाणी कुठं?"

"मंग पाणी तिच्यात घाला. आतलं पाणी भायेर येत नसंल, तर भायेरचं आत जायाचं नाय."

भिकन हसायला लागला, पण तांडेल हसला नाही. पहिल्यांदा त्याने या बाईकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "नळी लाव भिकन." शेडची नळी बोटीत सोडली. तळ भरत आला, इतका की ट्रेलरची चाकं कुरकुरायला लागली. मग सगळ्यांनी चहा घेतला. भागीबाईने घेतला नाही. ती बोटीखाली चवड्यावर बसून राहिली, हात जमिनीवर फिरवत. चहा झाला, पान झालं, मनोज दोनदा येऊन गेला. जमीन कोरडी ठणठणीत होती.

अहो, बैलात एवढं बघितल्यावर काहीतरी सापडतंच! इथे एकही खोड सापडेना. आणि मनोजचा चेहरा तर असा फुलला होता, की तिला त्याच्याकडे बघवेना.

तेव्हा तिने ठेवणीतलं काढलं. लुगड्याला हात पुसत उठली आणि तांडेलासमोर जाऊन उभी राहिली. "घरची बाई कुठाय?"

"कोणाची?"

"तुमची. बोट इकताय, तर ती बघायला कामून आली नाय? आजपातूर एकदा तरी हितं आलीय का?"

भिकन खाली बघायला लागला. तांडेल स्टुलावरून उठला, पुन्हा बसला. "ती येणार नाही," एवढंच म्हणाला.

"का?"

"नाही येणार. बोट बघितली ना तुम्ही? बोटीचं बोला."

बास! भागीबाईला हवं ते मिळालं. घाट चढून आलेला माल, आणि घरची बाई निरोपाला येत नाही. दोन्ही खुणा एकाच जनावरावर! परत येताना रिक्षात ती मनोजला म्हणाली, "त्या बाईला भेटल्याबिगर मी काय सांगायची नाय. आणि तू येऊ नको. बायाबायांचं बोलणं हाय." मनोज म्हणाला, जा. त्याला वाटलं, आता एवढंच राहिलंय.

तांडेलाची लेक इंदिरानगरात राहायची. पत्ता भिकनने दिला. दुसऱ्या दिवशी भागीबाई एकटीच गेली. जाताना मनात सगळं जुळवलेलं होतं. बोटीवर कुणीतरी मेलेलं असणार. बुडून, नाहीतर इंजिनात सापडून. म्हातारी आधी नाही म्हणेल, मग रडेल, मग सांगेल. ते ऐकायचं, घरी यायचं, मनोजला सांगायचं, की विषय संपला. आणि मग, मग काय? मग तो इथेच राहील. टोमॅटोच्या पॅकिंगच्या शेडमधल्या सुपरवायझरशी तिने बोलूनच ठेवलं होतं. खलाशी म्हणजे आज आहे, उद्या सोडून येईल. पण एकदा बैल घेतलेला माणूस शेती सोडत नाही, तसा बोट घेतलेला माणूस समुद्र सोडणार नाही. या बोटीने तिचा पोरगा कायमचा जाणार होता. सगळी कालची धडपड त्यासाठी होती, हे तिने रिक्षात बसल्या बसल्या स्वतःशी कबूल केलं आणि लगेच बाहेर बघायला लागली.

दार तांडेलाच्या बायकोने, पुतळाबाईने उघडलं. ठेंगणी, भक्कम बांध्याची कोळीण, हाताला हळद लागलेली. मोरीत बोंबील धुवायला काढलेले होते. भागीबाईने कोण, कुठली सांगितलं, तशी ती बाजूला झाली. पाणी दिलं. भागीबाईने पाण्याकडे न बघता सरळ विचारलं, "तुमच्या बोटीत काय खोट हाय?"

"काही नाही," पुतळाबाई म्हणाली.

"मंग तुमी बघायला का येत नाय?"

पुतळाबाईने हात धुतले. पुसले. समोर येऊन जमिनीवर बसली.

"माझा पोर चालवायचा ती," ती म्हणाली. "नवी घेतली तेव्हापासून तोच. एका वर्षी वादळ झालं, आमच्या बंदरातल्या दोन बोटी दुसऱ्यांनी ओढून आणल्या. ही आपली आपण आली, पोराला घेऊन. मी नारळ फोडला, देवासमोर नाही, तिच्यासमोर. तिच्यावर तो कधी पडला नाही, कधी जखमेला औषध लावावं लागलं नाही. आणि एक दिवस बर्फाचं सांगायला म्हणून मोटरसायकल काढली आणि हायवेवर गेला. ट्रकनं उडवला."

भागीबाईने पुढ्यातला पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"पाण्यातून इतकी वर्षं परत आला आणि रस्त्यावर गेला. मग ती बोट दुसरे नेऊ लागले. संध्याकाळी खाडीत शिरायची ना, तिचा आवाज मला घरात कळायचा. मी धावत भायेर जायची. रोज. माहीत असून. म्हणून ह्यांना सांगितलं, हिला लांब ने, माझ्या कानाला लागणार नाही इतकी लांब. त्यांनाही टाकवेना, म्हणून इथवर आणली. मी नाही येणार तिला बघायला. ती वाईट असती ना बाई, तर मी स्वतः येऊन हाकलली असती."

मोरीतला नळ थेंब थेंब गळत होता. पुतळाबाई उठून तो घट्ट करून आली आणि मग तिने विचारलं, "तुझा पोर आता कुणाच्या बोटीवर असतो?"

"मुकादम सांगंल त्या."

"बघितलीस कधी?"

"नाय."

"मग घे ही. डोळे मिटून घे."

भागीबाईला आयुष्यात कुणी डोळे मिटायला सांगितलं नव्हतं. ती उठली, जिना उतरली आणि खाली येऊन बंद दुकानाच्या फळीवर बसली. म्हातारी खरं बोलत होती. यात काडीचा संशय नव्हता, आणि तेच तर वाईट झालं होतं. बोट चांगली होती. तिने बघितलेल्या कुठल्याही बैलापेक्षा चांगली होती. आता घरी जाऊन ते सांगायचं आणि पोराला आपल्या हाताने त्या चोराच्या दावणीला बांधून द्यायचं. इतकी भीती तिला काळू आजारी पडला तेव्हासुद्धा वाटली नव्हती.

घरी मनोज दारातच उभा होता. "काय म्हणली बाई?"

भागीबाईने चपला काढल्या, पाय धुतले. आणि म्हणाली, "नको घेऊ. तिच्यावर माणूस गेलाय. तिचा पोरगाच. बोटीवरनंच गेला."

मनोजने पुढे काही विचारलं नाही. माणूस गेलेल्या बोटीवर खलाशी चढत नाहीत, साथीदार ऐकूनच मागे सरले असते. त्याने फोन लावून त्यांना सांगितलं. भिकनलाही सांगितलं. मग वेणी घालणाऱ्या तृप्तीजवळ जाऊन बसला, आणि त्याचा उतरलेला चेहरा बघून भागीबाईचा जीव इतका तुटला, की ती उगाच भांडी घासायला लागली. मेलेल्या पोराच्या नावावर आपण खोटं बोललो, त्या माऊलीने खरं सांगितलं आणि आपण ते असं वापरलं, हे तिला कळत होतं. पण पोरगा घरात होता ना!

जुलै चांगला गेला. तिने नागलीच्या भाकरी केल्या, गावाकडून खुरसणीची चटणी मागवली. सुपरवायझरला पुन्हा भेटून आली. मनोज चार दिवस त्या पॅकिंगच्या शेडमध्ये गेलाही. पेट्या उचलायच्या, पेट्या ठेवायच्या. संध्याकाळी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. भागीबाई मनात म्हणायची, रुळेल. नवा बैल पण आधी दावणीला डोकं आपटतोच.

आणि मग जुलै संपता संपता तिने बघितलं, की तो पिशवी भरतोय.

"कुठं रं?"

"बोटीवर. परवा हंगाम सुरू व्हतोय."

"आता कशाला? ती तर घेतली नाय ना आपण!"

मनोजने मान वर केली. त्याला तिचं बोलणं खरंच समजलं नव्हतं. "नाय घेतली म्हणून तर चाललोय, आये. आपली असती तर आपल्या बोटीवर गेलो असतो. नाय, तर दुसऱ्याच्या."

"कोणत्या?"

"मुकादम सांगंल ती."

"कशी हाय ती? जुनी का नवी? पाणी येतं का आत? कडा किती उंच हायेत तिच्या?"

तो हसला. "खलाशी बोट बघत नसतो, आये. तिथं रांगेत उभं राहायचं. हात दावला त्या बोटीवर चढायचं. मालकाला कोण विचारतंय, कडा किती म्हणून?"

भागीबाई तशीच अंगावरच्या लुगड्याने निघाली. दोन रिक्षा बदलून भिकनच्या शेडवर पोचली. रस्ताभर ती मनाशी जुळवत होती. पाया पडायचं, तांडेलाच्या, त्या पुतळाबाईच्या. पोराला सांगायचं, खोटं बोलले, मार मला. शेडचं दार उघडं होतं. आत निळ्या घसरगुंड्या भिंतीपासून भिंतीपर्यंत मांडल्या होत्या.

"गयी ना माय ती," भिकन म्हणाला. "आठवडा व्हई गया. कोकणातला एक जण लई गया. खूश व्हता. म्हणे, असा माल हल्ली भेटत नही."

भागीबाई टाकीला टेकली.

"तांडेलाची म्हातारी मला फोनवर इचारत व्हती," भिकन पुढे म्हणाला, "त्या बाईच्या पोरानं बोट लिधी ना? मी म्हटलं, नही, त्यांनी तर नाही सांगं. तर म्हातारी गपच बसनी. काय बिनसं तुमचं? पाणी भरीसन बघं व्हतं तुम्ही, थेंब नही पडना."

ती तशीच घरी परतली. दुसऱ्या दिवशी पहाटे जीप आली तेव्हा मनोज तिच्या पाया पडला. तिने तोंड उघडलं होतं, सगळं सांगायला. पण आता सांगून काय? बोट गेलेली. सांगितलं तर तो एवढंच घेऊन जाणार, की आईने फसवलं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. जीपवाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा तृप्तीने तिचा हात हलकेच उचलला.

पाच दिवसांनी फोन आला. तृप्तीने तो स्पीकरवर टाकून सासूसमोर धरला. मागे माणसांचा गलका होता, कसलंतरी इंजिन धाडधाड वाजत होतं, थांबत होतं, पुन्हा वाजत होतं. ते एका चावीत लागत नव्हतं.

"आये, आज निघतोय. आता काही दिवस फोन लागायचा नाय."

"बोट कशी हाय?" भागीबाईने विचारलं.

पलीकडे इंजिन पुन्हा धाडधाड करून बंद पडलं. "चांगली हाय."

"बघितलीस?"

"बघितली की. नवीच हाय, आये. एकदम चांगली हाय. तू काळजी करू नको."

दुधवाला, गॅसवाला, दलाल, तांडेल. सगळ्या जगाचं खोटं शोधणारी ती बाई. हे खोटं तर तिच्या स्वतःच्या पोराचं होतं, तिच्या मायेपोटी बोललेलं.

"बरं," ती म्हणाली. "चांगली हाय ना? मंग बरं झालं."